टँटलम धातू कशासाठी वापरतात आणि तो कुठून येतो?

मुख्यतः कपॅसिटरसाठी, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी. टँटलमची बारीक भुकटी दाबून, तापवून तिचा सच्छिद्र गोळा करतात आणि विजेच्या साहाय्याने त्याच्या कणाकणावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. हा थर वीज अडवतो. आतल्या छिद्रांमुळे पृष्ठभाग प्रचंड वाढतो, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढ्या कपॅसिटरमध्ये भरपूर विद्युतभार मावतो. मला तरी ही करामत फार सुंदर वाटते! शिवाय हा धातू सुमारे ३,००० अंश सेल्सिअसला वितळतो, बहुतेक आम्लांना दाद देत नाही, शरीरालाही चालतो. त्यामुळे जेट इंजिनांत आणि शस्त्रक्रियेतल्या रोपणांतही तो असतो.

खाणकामाची बाजू मात्र वेदनादायक आहे. ऑस्ट्रेलिया, ब्राझीलमध्येही टँटलम मिळतो, पण मोठा वाटा काँगो आणि रवांडातून येतो. पूर्व काँगोत रुबाया इथे माणसं फावडी-कुदळींनी डोंगर पोखरतात आणि माती पाण्यात धुऊन जड, काळं कोल्टन, म्हणजे टँटलमचं खनिज, वेगळं काढतात. दरडी कोसळून जीव जातात. २०२४ मध्ये तिथल्या खाणी एम२३ बंडखोरांच्या ताब्यात गेल्या. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने कंपन्यांना खनिजाचा उगम तपासायला लावलं खरं, तरीही रुबायाचं कोल्टन चोरवाटेने रवांडात जाऊन तिथल्या मालात मिसळलं जातं, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं आहे.