पाणीपुरवठा एकाच मोठ्या संस्थेकडे गेला तर चांगलंच ना? मग स्थानिक लोक विरोध का करतात?

तुमचा प्रश्न असा की, गावोगावचा आणि शहराशहराचा पाणीपुरवठा एका मोठ्या संस्थेच्या ताब्यात दिला तर पैसा, तज्ज्ञ, यंत्रं सगळं एका जागी येईल. मग त्याला होणारा राजकीय विरोध म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांचा खुर्चीचा मोह नाही तर काय? मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. पाच वर्षं पंचायतीत पंच होते. त्या काळात लोक माझ्या दारात सगळ्यात जास्त वेळा आले ते पाण्यासाठी. तिथून जे दिसलं ते सांगते.

आमच्याकडे केंद्रीकरण अजून व्हायचंय असं नाही, ते कधीच झालंय. ओपा, साळावली, अस्नोडा, दाबोस, चांदेल, गोव्यातल्या या सगळ्या केंद्रांवरचं पाण्याचं शुद्धीकरण, मोठ्या पाइपलाइनी, घरातला मीटर आणि त्याचं बिल, सारं राज्य सरकारकडे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत आणि त्यात पिण्याचं पाणी ११व्या क्रमांकावर आहे. प्रत्यक्षात नळाला पाणी आलं नाही की पंचायत काय करते? फोन.

एक सकाळ सांगते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या वरच्या वाड्यावर पाणी आलं नाही. सहा वाजता सात-आठ बायका रिकाम्या कळश्या घेऊन माझ्या अंगणात. घरात पाहुणे यायचे, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नेवऱ्यांचं पीठ मळायचं आणि भांडी कालची तशीच पडलेली. टाकीत पाणी होतं, ते आम्ही शिडीवर चढून पाहिलं. वाड्याकडे जाणारा व्हॉल्व बंद होता. तो उघडायला लागते ती लोखंडी, टी आकाराची लांब चावी, आणि ती होती पाणी सोडणाऱ्या माणसाच्या स्कूटरला बांधलेली. तो आणखी चार गावांचं पाणी पाहतो. बिचारा दुपारी आला, दोन मिनिटांत व्हॉल्व फिरवला आणि घामाघूम पुढच्या गावाला निघून गेला. त्याच्यावर राग धरावा असं काही नव्हतं. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर होता: निवडून आलेली पंच मी, टाकी माझ्या प्रभागात, आणि तिची एक चावी पंचायतीच्या कपाटात असावी असा विचार कोणत्याच कागदावर नव्हता.

ज्या गावात हे घडलं त्याच गावात कुळागरांचं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांचं, पाणी पिढ्यान् पिढ्या लोकांनीच वाटून घेतलंय. पावसाळा सरला की ओहोळावर दगडमातीचा बांध घालायचा, पाट साफ करायचा, मग पाळी ठरवायची. माझ्या माहेरच्या कुळागराची पाळी पहाटे तीनला असायची. बाबा कंदील घेऊन जायचे, शेजाऱ्याच्या वाफ्याकडे जाणारं पाटाचं तोंड ओंजळभर चिखल आणि पालापाचोळा लावून बंद करायचे आणि आपलं उघडायचे. भांडणं व्हायची, खूप व्हायची. पण ज्याच्याशी भांडायचं तो पाटाच्या पलीकडे उभा असायचा. खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, बांध आणि मानस (भरतीचं पाणी अडवणारी दारं) सांभाळण्याचं कामही गावकऱ्यांनी असंच पाहिलं. म्हणून ‘गावाला पाणी सांभाळता येत नाही’ असं कुणी म्हटलं की मला ते खरोखर लागतं.

आता बाहेरचं पाहा. न्यूझीलंडमध्ये २०२१ साली सरकारने ६७ स्थानिक परिषदांचं पिण्याचं पाणी, सांडपाणी आणि पावसाचं पाणी चार मोठ्या संस्थांकडे द्यायचं ठरवलं. आधी ऐच्छिक म्हटलं, ऑक्टोबरमध्ये सक्तीचं केलं. तिथेच ठिणगी पडली. अनेक परिषदा एकत्र आल्या. आमच्या करदात्यांनी बांधलेल्या टाक्या आणि पाइप कागदावर आमचे, पण निर्णय आमचा नाही, ही मालकी कसली, असा त्यांचा सवाल होता. तिथल्या मूळ रहिवासी माओरी जमातींना देखरेखीत समान वाटा देण्यावरूनही विरोध झाला. त्यातला काही कडवट होता आणि तो मला अजिबात पटत नाही. सरकारने पुढे चाराच्या दहा संस्था केल्या, तरी २०२३ची निवडणूक ते हरलं आणि फेब्रुवारी २०२४मध्ये नव्या सरकारने कायदाच रद्द केला.

पण न्यूझीलंडला ही सुधारणा का सुचली तेही ऐका. ऑगस्ट २०१६मध्ये हॅवलॉक नॉर्थ या छोट्या गावात नळाचं पाणी दूषित होऊन हजारो माणसं आजारी पडली, चार मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. लहान संस्थांना तपासणी आणि दुरुस्ती झेपत नाही, हा मुद्दा खोटा नाही. साळावलीचं धरण एखाद्या पंचायतीने चालवावं असं मीही म्हणणार नाही.

स्कॉटलंडमधलं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. तिथे पाणी स्थानिक परिषदांकडून काढून घ्यायचा बेत होता आणि पुढचं पाऊल खासगीकरण, अशी लोकांना धास्ती होती. १९९४मध्ये स्ट्रॅथक्लाइड प्रादेशिक परिषदेने टपालाने जनमत घेतलं. सुमारे ७१ टक्के मतदान आणि त्यातले ९७ टक्के विरोधात. तरी १९९६मध्ये पाणी तीन प्राधिकरणांकडे गेलं आणि २००२मध्ये ती तिन्ही एक झाली. म्हणजे केंद्रीकरण थांबलं नाही, पण पाणी आजही सार्वजनिक मालकीचं आहे. एवढ्या लोकांनी पत्रं टाकली नसती तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते.

सगळं एका नळीवर लटकवलं की काय होतं ते आम्ही ऑगस्ट २०१९मध्ये पाहिलं. कुर्टी-खांडेपार इथे मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि तिसवाडी, फोंडा तालुके ऐन पावसात कित्येक दिवस कोरडे पडले. ज्यांच्या घरच्या विहिरी जिवंत होत्या त्यांनी शेजाऱ्यांना पाणी दिलं. ज्यांनी त्या बुजवून पार्किंग केलं होतं ते टँकरमागे धावत होते.

ऑगस्ट २०२२मध्ये ‘हर घर जल’ (गावातल्या प्रत्येक घरी नळाचं पाणी) प्रमाणित पहिलं राज्य म्हणून गोव्याचं नाव झालं. त्यासाठी ३७८ गावांच्या ग्रामसभांचे ठराव लागले. मला त्याचा अभिमान आहे. पण पाणी येतं असा दाखला द्यायला जी ग्रामसभा चालते, तिला ते कोणत्या वेळी यावं आणि टंचाईत आधी कोणत्या वाड्याला मिळावं हे ठरवायला का चालू नये?

माझं म्हणणं असं: धरणापासून गावच्या टाकीपर्यंत मोठ्या संस्थेने पाहावं, प्रयोगशाळा तिची, मोठी पाइपलाइन तिची. टाकीपासून नळापर्यंत पंचायतीचं किंवा नगरपालिकेचं, आणि त्या कामापुरता पैसा व माणूसही त्यांच्याच हाताखाली. नुसती जबाबदारी ढकलली आणि पैसा वर ठेवला तर ते केंद्रीकरणाहून वाईट.

तुमच्याकडे असा प्रस्ताव आला असेल तर जाहिरातपत्रक बाजूला ठेवून मसुदा मागवा. दर कोण ठरवणार, संस्थेवर तुमचा निवडलेला माणूस असेल का, विहिरी आणि टाक्या कुणाच्या नावावर जाणार, हे त्यात शोधा. आणि व्हॉल्वची दुसरी चावी कुठे ठेवणार, तेही लेखी मागा. आमच्या पंचायतीने दोन वर्षं पत्रं लिहून ती मिळवली. आता ती सचिवांच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली असते.