मैदान पिवळं होतंय, सभामंडप येतोय

प्रश्न : काका, आमची कॉलनी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. लेआउट १ हेक्टर २० आरचा. शेजारच्या जमिनीवर शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. जमीन खासगी, पण लेकरं तिथंच खेळतात. मागच्या आठवड्यात पेपरात जाहिरात आली, की आरक्षण वगळून ती जागा रहिवासी (नकाशावर पिवळी) करायची आहे, हरकती द्या. त्याच आठवड्यात आमच्या ओपन स्पेसवर, म्हणजे लेआउटमधल्या मोकळ्या सोडलेल्या जागेवर, आमदार निधीतून ४० बाय ६० फुटांचा सभामंडप मंजूर झाल्याचा बॅनर लागला. आम्ही स्पर्धा परीक्षेची पोरं दोन वर्षांपासून अभ्यासिका मागतोय. कॉलनीतली मोठी माणसं म्हणतात, निधी येतोय तर मैदानाचं काढू नका. काय करावं?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : ताई, मी नगर रचना खात्यात अनुरेखक होतो. साहेबांनी पेन्सिलीनं मारलेली रेघ ट्रेसिंगवर शाईनं ओढायची, एवढंच माझं काम. त्यामुळं एक सांगतो, मैदानाची फाइल आणि सभामंडपाची फाइल एकमेकींना ओळखतही नाहीत. झोनबदलाचा, म्हणजे मैदानाची जागा रहिवासी करण्याचा, शेवटचा निर्णय मंत्रालयात नगर विकास विभागाकडं होतो. आमदार निधीच्या कामाला प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. तुम्ही मैदानावर हरकत घेतली म्हणून निधी परत जात नाही. मोठ्या माणसांची ही भीती कुणी घातली, ते मात्र बघा.

आधी जाहिरात नीट वाचा. हरकती मागवल्यात म्हणजे ती १९६६ च्या नगर रचना कायद्याच्या कलम ३७ खालची असणार. राजपत्रातल्या सूचनेपासून एक महिना मिळतो. पेपर उशिरा हातात आला असेल तर दिवस आधीच गेलेले असतात. नगरपालिकेत आणखी एक विचारा : मालकानं कलम १२७ ची नोटीस दिली आहे का? आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक तशी नोटीस देऊ शकतो, आणि पुढं २४ महिन्यांत नगरपालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप गळतं. मग तुमच्या हरकतीला टेकू राहत नाही. ‘जागा घ्या’ एवढीच मागणी उरते, आणि तिला पैसा लागतो. मालकालाही दोष देता येत नाही. वर्षानुवर्षं स्वतःच्याच जमिनीला हात लावता येत नसेल तर तो तरी काय करणार?

हरकत स्वतःच्या हातानं लिहा. एकदा आमच्याकडं दोनशेच्या वर हरकती आल्या, सगळ्या एकाच झेरॉक्सच्या. अहवालात त्यांची एकच ओळ झाली. एका म्हातारीनं मात्र वहीच्या पानावर लिहून दिलं होतं, की पावसाळ्यात वरच्या चार शेतांचं पाणी या तुकड्यात थांबतं, घरं बांधली तर ते कुणाच्या घरात जाईल. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. नकाशा आणायला सांगितलं. पुढं काय झालं ते माझ्या टेबलावर आलं नाही. तुमचं मैदान सखल असेल तर २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसाचे फोटो मोबाइलमध्ये असतीलच, ते तारखेसह जोडा. सर्व्हे नंबर घाला, भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्या जागेचा तुकडा) जोडा. पोचवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि ‘सुनावणीला बोलवावं’ हे वाक्य विसरू नका.

आता सभामंडप. तुमच्या लेआउटला १० टक्के ओपन स्पेस सोडली असेल तर ती १२०० चौरस मीटर होते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणं तिच्यावर एकूण बांधकाम १५ टक्क्यांपर्यंतच चालतं, त्यातही तळमजल्यावर १० टक्के. म्हणजे जमिनीवर १२० चौरस मीटर. ४० बाय ६० फुटांचा मंडप जवळपास २२३ चौरस मीटर होतो. बसतच नाही! बॅनर छापणाऱ्यानं टेप धरलेली नाही, हे उघड आहे. ३० बाय ४० ची अभ्यासिका १११ च्या आसपास होते आणि नियमावलीत ग्रंथालयाला वाव आहे. वर लहान मजला टाकायलाही थोडं क्षेत्र उरतं.

म्हणून सभामंडपाला विरोध करत बसू नका, काम बदलून मागा. आमदारांनी शिफारसपत्र बदलून दिलं तर होऊ शकतं, पण वर्क ऑर्डर निघाल्यावर कुणी ऐकत नाही. बॅनर म्हणजे मान्यता नव्हे. प्रशासकीय मान्यतेची प्रत आणि अंदाजपत्रक मागा. दिलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहेच, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मार्च जवळ आला की सगळ्यांना घाई सुटते, आणि त्या घाईत ४० बाय ६० चं काँक्रीट पडून जातं, म्हणून दिवाळीच्या आत हे उरका.

रविवारी सकाळी ओपन स्पेस मोजा. टेपचं एक टोक तुम्ही धरा, दुसरं ‘मैदानाचं काढू नका’ म्हणणाऱ्या काकांच्या हातात द्या.