साहेब भेटतात का हो?

गेल्या अंकात 'साधे पुढारी' या विषयावर तुमचे प्रश्न मागवले होते. मेसेज भरपूर आले, त्यातल्या निम्म्या तर तक्रारीच निघाल्या, चालायचंच. त्यातले काही घेतोय.

प्रश्न : आमचे आमदार एकदम साधे. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, हजर. वडिलांच्या मातीलासुद्धा आले होते, खांद्यावर हात ठेवून बोलले. पण शेताकडं जायचा रस्ता शेजाऱ्यानं अडवलाय, त्याचं निवेदन दिलं त्याला कित्येक महिने झाले, विचारलं की 'करू की' म्हणतात. घरचे म्हणतात माणूस चांगलाय, काही बोलू नकोस. (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

मातीला आले त्याचं मोल आहेच, ते नाकारायचं कारण नाही. पण ते तुमच्याकडं आले हे झालं, तुम्ही त्यांच्याकडं गेल्यावर काय होतं ते बघा ना. राज्यात मतदारसंघ 288, एकेका मतदारसंघात सरासरी तीन लाखांच्या पुढं मतदार, लग्नाची दाट तिथ असली की हा माणूस सकाळपासून मांडवच फिरत असतो, अक्षता टाकल्या, फेटा बांधून घेतला, फोटो झाला, चला पुढच्या गावाला, आणि एखाद्या घरी नाही पोचला तर आपणच म्हणतो 'निवडून आला आणि माजला'. म्हणजे ही सवय आपणच लावलीय त्यांना. अर्ज कधी वाचायचे मग?

तुमच्याच जिल्ह्यातले सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या. शेकापचे, 1962 ला पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. आमदार असून एसटीनं प्रवास करायचे हे सगळ्यांना पाठ आहे, पण नुसत्या एसटीवर कुणी कुणाला अकरा वेळा निवडून देत नसतं हो, मधे 1972 ला आणि 1995 ला लोकांनी त्यांनाही पाडलंच होतं. दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं पाणी परिषदा घेत राहिले, वर्षानुवर्षं तोच विषय लावून धरला. एसटीचा किस्सा सांगायला सोपा पडतो म्हणून तेवढाच फिरतो.

आता तुमचं काम. अडवलेला रस्ता मोकळा करायचा अधिकार आमदाराचा नाहीच आहे, तो तहसीलदाराचा, मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. आधी रस्ताच नव्हता आणि बांधावरून नवा मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143, तिथंही तहसीलदारच. अर्ज द्या, पोच घ्या. तरी हलत नसेल तर तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी, तिथं मांडा. आणि मला खरं काय खटकतं सांगू का, साहेबांनी पहिल्याच दिवशी 'दादा हे माझ्या हातात नाही, तहसीलला अर्ज कर, मी फोन करतो' एवढं सांगितलं असतं तर तुमचे इतके हेलपाटे वाचले असते. गोड बोलून माणसाला ताटकळत ठेवणं याला मी तरी नम्रपणा म्हणणार नाही.

प्रश्न : पर्रीकर मुख्यमंत्री असताना स्कूटरवरून फिरायचे हे खरं का? आमच्या ग्रुपवर दर महिन्याला एक नवीन किस्सा येतो. (एक वाचक, डोंबिवली)

फिरायचे की, पणजीत फिरायचे, पण पुढं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की आता स्कूटर चालवत नाही, डोक्यात सतत कामाचे विचार असतात, लक्ष नसलं तर अपघात व्हायचा. मला तर किश्श्यापेक्षा हे उत्तरच जास्त आवडलं, फुकटचं कौतुक होत असताना ते नको म्हणायला पण लागतं काहीतरी. आयआयटीत शिकलेला माणूस, संरक्षणमंत्री झाला तरी हाफ शर्टच. बाकी ग्रुपवरचे सगळे किस्से खरे धरू नका, त्यातले निम्मे कधी शास्त्रीजींच्या नावानं पण येतात.

प्रश्न : आमच्या नगरसेवकाचे रोज रील असतात, टपरीवर चहा पितोय, रिक्षात बसलाय, भजी तळतोय. हा साधेपणाच म्हणायचा ना?

रिक्षात बसताना कॅमेरावाला आधीच आत बसलेला असतो का, तेवढं बघा.

प्रश्न : आर. आर. आबांसारखा साधा नेता पुन्हा होणे नाही, पटतं का? (एक वाचक, सांगली)

आबा साधे होते, अंजनीसारख्या गावातून वर आलेले, आणि ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं, गावंच्या गावं हातात झाडू घेऊन रस्त्यावर आली, ते काम मोठंच. पण साधा आहे म्हणून सगळं माफ असं नसतं, 26/11 नंतरच्या त्यांच्या एका वक्तव्यावर लोक भयंकर चिडले आणि त्यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं. लोकांनी प्रेमही केलं आणि जाबही विचारला, दोन्ही बरोबरच होतं की.

या विषयात मला स्वतःला मधू दंडवते आठवतात. 1977 ला रेल्वेमंत्री झाले, तेव्हा सेकंड क्लासच्या बाकांना नुसत्या लाकडी फळ्या असायच्या, त्यांनी त्यावर दोन इंचाचा फोम बसवायचं ठरवलं. मंत्र्यानं एक दिवस फळीवर बसून फोटो काढला असता तर पेपरात छान आला असता, पण पाठ दुखायची ती दुखलीच असती ना पब्लिकची. आज स्लीपरला आडवं होताना कुणाच्या लक्षातही येत नाही हे.

प्रश्न : मी यंदा सरपंच झाले. लोकांना वेळ द्यायची इच्छा आहे, पण रात्री अकराला पण फोन येतात, आणि निम्म्या वेळा फोन मिस्टरच घेतात, परस्पर 'होईल काम' सांगून टाकतात. काय करू? (एक सरपंच, सातारा जिल्हा)

ताई, आधी फोन स्वतःकडं घ्या. बाकीचं नंतर. लोकांनी मत तुम्हाला दिलंय, मिस्टरांना नाही, आणि त्यांनी दिलेला शब्द उद्या तुमच्याच अंगावर येणार आहे. ग्रामपंचायतीत बसायची वेळ ठरवून बोर्डवर लिहा, ग्रामसेवकांना त्या वेळेला थांबायला सांगा, आलेलं काम वहीत तारखेसकट लिहून घ्या. होणारं नसेल तर तोंडावर सांगा, ग्रामसभेत तर नक्कीच सांगा, दोन दिवस लोक फुगून बसतील, बसू द्या. रात्री अकराचे फोन मात्र पूर्ण बंद नका करू, एखादा दवाखान्याच्या गाडीसाठी असतो.