आमच्या सोसायटीतल्या १४ वर्षांच्या मुलाने कुत्र्याच्या शेपटीला लवंगी माळ बांधून पेटवली. पोलिसांत द्यावं की समज देऊन सोडावं?

तक्रार जरूर करा, पण पोराला चोप देऊ नका आणि त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे दोन-तीन वडापाव. लोक तिथेच हात टेकतात. कुत्रा मेला किंवा जायबंदी झाला तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. मुलगा १८ च्या आतला, म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि ते समुपदेशन किंवा समाजसेवेचा आदेश देऊ शकतं. त्याची ओळख उघड करणं हाही २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हाच, तेव्हा व्हिडिओ फॉरवर्ड करणारे काकाच अडकायचे!

माझ्या मते मंडळाची वाट न बघता करण्यासारखं एक आहे: कुत्र्याला दवाखान्यात नेताना पोराला सोबत घ्या. भाजलेल्या शेपटीचे केस कापून डॉक्टर मलम लावतात तेव्हा त्याने तिथे उभं राहायचं, बिल आई-वडिलांनी भरायचं. कुत्र्याजवळ एकटं मात्र सोडू नका.

हे सगळं मित्रांच्या टाळ्यांसाठी एकदा केलेल्या आगाऊपणाला लागू. एकट्याने, लपून, पुन्हा पुन्हा करत असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. घरी त्यालाच पट्ट्याने मार बसतो का तेही बघा. बसत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.