कांद्यातलं क्वेर्सेटिन हे वनस्पतिजन्य रंगद्रव्य कर्करोगाच्या पेशी मारतं म्हणतात. मग केमो चालू असताना कॅप्सूल घ्यावी का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत क्वेर्सेटिन या पेशींची वाढ खरोखर रोखतं. पण तिथे ते मूळ रूपात आणि बहुतेकदा १० ते १०० मायक्रोमोलर (द्रवातल्या प्रमाणाचं एकक) इतकं घातलेलं असतं. तोंडाने घेऊन रक्तात तसं साधत नाही.

कांद्यात ते ग्लुकोजला जोडलेलं असतं. दूध पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरावर ही साखर तोडतं आणि क्वेर्सेटिन आत शिरतं, म्हणून रक्तातली पातळी तासाभरातच कळसाला पोचते. चहातल्या रुटिनला, म्हणजे क्वेर्सेटिनच्याच दुसऱ्या रूपाला, मात्र रॅम्नोज ही आणखी एक साखरही चिकटलेली असते आणि ते लॅक्टेजला तुटत नाही. ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी तोडावं लागतं, त्यात पाच-सात तास जातात, शिवाय बराचसा भाग जिवाणूच मोडून टाकतात. त्यामुळे ‘१०० ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम’ या तक्त्यांवरून शरीराला किती मिळालं ते कळत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. आतड्याची भिंत आणि यकृत मिळून क्वेर्सेटिनला ग्लुकुरॉनिक आम्ल, सल्फेट, मिथाइल गट जोडून टाकतात. रक्तात मोकळं क्वेर्सेटिन जवळजवळ उरतच नाही. जोडलेली सगळी रूपं धरूनही जेवणानंतरची पातळी सहसा १० मायक्रोमोलरच्या खालीच राहते, आणि त्यातलंही बहुतेक अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून अडकलेलं असतं.

रक्तातल्या प्रथिनांना हे चिकटणं किती महागात पडतं ते फ्लॅव्होपिरिडॉल या कर्करोगावरच्या औषधात दिसलं. सह्याद्रीतही वाढणाऱ्या डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या झाडातल्या रोहिटुकिन या रसायनावरून हे औषध घडवलं गेलं. पेशींवरचे प्रयोग वासराच्या सीरममध्ये (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरलेल्या द्रवात) झाले होते. माणसाच्या सीरममध्ये औषध कितीतरी जास्त बांधलं जातं, त्यामुळे सलग ७२ तास शिरेतून देऊनही फारसा परिणाम दिसेना. पुढे अर्ध्या तासात एक भाग आणि उरलेला चार तासांत, अशी विभागणी केल्यावर दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत गाठी इतक्या झपाट्याने विरघळल्या, की रक्तातलं पोटॅशियम धोकादायक चढलं. रेणू तोच होता, बदललं फक्त देण्याचं वेळापत्रक.

कॅप्सूलची भीती आणखी एका कारणाने आहे. ग्रीन टीतलं ईजीसीजी हे क्वेर्सेटिनसारखंच वनस्पतिजन्य द्रव्य बोर्टेझोमिब या कर्करोगाच्या औषधातल्या बोरॉनला चिकटून त्याचा परिणाम मारतं, हे पेशींत आणि उंदरांत दिसलं आहे. तेच ईजीसीजी पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. क्वेर्सेटिनही शिरेतून मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा मूत्रपिंडाला इजा झाली होती.

कांदा जेवणात खुशाल खा. सोलताना बाहेरचे रंगीत पापुद्रे उगाच जास्त काढू नका, क्वेर्सेटिन तिथेच सर्वांत दाट असतं. उकडलात तर पाणी आमटीत वापरा, कारण त्यातलं बरंच पाण्यात उतरतं. कॅप्सूल आधीच सुरू केली असेल तर डबी घेऊन जा आणि केमोच्या पुढच्या फेरीआधी कर्करोगतज्ज्ञांना लेबलवरची मात्रा दाखवा.