जवळच जायचंय, पण कसं?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: अंतर जेमतेम दोन-चार किलोमीटर, पण रोजचा पाऊण तास त्यातच जातो. एवढ्या अंतरात गाडी किती जोरात पळते याला फारसा अर्थ नसतो. वेळ जातो तो रांगेत, सिग्नलला, पार्किंग शोधण्यात आणि रस्ता ओलांडायला उभं राहण्यात. म्हणून घराच्या दारातून निघाल्यापासून कामाच्या दारात पोहोचेपर्यंतचा सगळा वेळ धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: नौपाड्यात राहतो, ठाणे स्टेशन सव्वा किलोमीटरवर. रोज रिक्षा करूनही ठरलेली लोकल चुकते. स्कूटर घेऊ का?

स्कूटर नको, चालत जा. बेताच्या चालीनं सतरा-अठरा मिनिटं लागतील आणि रोज तेवढीच लागतील. तुम्हाला लोकल पकडायची आहे, तेव्हा वेळेचा हा भरवसा सगळ्यात मोलाचा. रिक्षा एखाद्या दिवशी सात मिनिटांत पोहोचवते, दुसऱ्या दिवशी तीच पंचवीस मिनिटं घेते. लोकल चुकते ती या दुसऱ्या दिवशी.

पैशांचंही पाहा. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे किमान २६ रुपये लागतात. जाऊन-येऊन ५२, महिन्याचे कामाचे पंचवीस दिवस धरले तर १३०० रुपये. शिवाय गाडी तुंबून उभी राहिली की थांबण्याच्या वेळेचेही पैसे मीटरवर चढतात. आणि होतं काय, हे तुम्ही रोज बघत असाल: स्टेशन दोन-तीनशे मीटरवर असतानाच रिक्षांची रांग हलेनाशी होते, मागचे प्रवासी एकेक करून ‘इथंच सोडा’ म्हणत सुटे काढतात आणि पुढचं अंतर चालत जातात. अगदी गर्दीचा तुकडा तुम्ही आजही पायीच तोडता, तोही पूर्ण भाडं देऊन.

स्कूटरनं रस्त्यातली पाच मिनिटं वाचतील आणि पार्किंगला दहा जातील. उशिरा पोहोचलात तर जागा मिळेल ती स्टेशनपासून लांब, तिथून परत चालणं आहेच.

चालण्यात खरी अडचण पावसाची. जोराच्या सरीत वंदना टॉकीजच्या आसपास पाणी साचतं, हे नौपाडेकरांना मी सांगायला नको. पण पाणी साचलं की रिक्षाही तिथेच अडकते. त्या दिवसांत सँडल घालून निघा, ऑफिसचे बूट पिशवीत ठेवा. बाकी गोखले रोडच्या फुटपाथवर दुकानांचं सामान आडवं येत असेल, तर आतल्या गल्ल्यांनी राम मारुती रोडकडून जाऊन बघा. फुटपाथ मोकळे असणं हा चालणाऱ्याचा हक्क आहे. तक्रार महापालिकेकडे लेखी करा आणि सोसायटीतल्या चार जणांच्या सह्या घ्या.

प्रश्न: वाघबीळहून माजिवड्याला ऑफिस. टीएमटी (ठाणे महापालिकेची बस) की शेअर रिक्षा? नवरा म्हणतो, बसची वाट बघण्यात दिवस जाईल.

एकाच नंबरच्या बसची वाट बघितलीत तर तुमच्या यजमानांचं खरं आहे. पण घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशनकडे जाणाऱ्या बस कापूरबावडी-माजिवड्यावरूनच पुढे जातात. तुम्हाला मधेच माजिवड्याला उतरायचंय, म्हणून नंबर न बघता पाटीवर स्टेशन दिसेल ती पहिली बस पकडा. थांबण्याचा वेळ निम्म्यावर येईल.

शेअर रिक्षा सकाळी ठीक. तीन सीट भरल्या की निघते, हात दाखवला की मधेही थांबते. मात्र ड्रायव्हरशेजारच्या चौथ्या सीटवर कधीही बसू नका. रिक्षाला परवानगी तीनच प्रवाशांची असते. एक पाय बाहेर, हातात लोखंडी दांडी, शेजारून डंपर. दहा मिनिटं वाचवायला हा धोका पत्करण्यासारखा नाही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही: ऑफिस रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे? माजिवड्याला उड्डाणपुलांचं जाळं आहे, खाली चारी दिशांची वाहनं येतात. चुकीच्या बाजूला उतरलात तर समोर दिसणाऱ्या इमारतीत पोहोचायला दहा मिनिटं लागतात. संध्याकाळी परतताना हेच उलटं होतं. म्हणून कापूरबावडीला उतरणं बरं की माजिवड्याला, हे एकदा दोन्हीकडे उतरून, घड्याळ लावून बघा. ऑफिसातल्या जुन्या शिपायांना विचारलंत तर ते एका वाक्यात सांगतील.

प्रश्न: वर्तकनगर ते वागळे इस्टेट सायकलनं जाणं शक्य आहे का? वय ४५, तब्येत ठीक.

शक्य आहे, पण रस्ता बघून निवडा. इंदिरानगरकडून आतून जाणारा रस्ता नकाशात जवळचा दिसतो. प्रत्यक्षात चढ आहे, अरुंद आहे आणि कडेला गाड्या लावलेल्या असतात. कॅडबरी आणि नितीन कंपनी या चौकांकडून जायचं असेल तर हायवेवर चढू नका, सर्व्हिस रोडनं जा. लांब पडेल, पण बसचा आरसा कोपराला घासणार नाही.

चढाला घाम फुटतो आणि ऑफिसात बदलायची सोय नाही, अशी अडचण असेल तर इलेक्ट्रिक सायकल चांगली. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही नाही. दुकानदार ‘थोडा वेग वाढवून देतो’ म्हणाला तर नको म्हणा, ती सूट लगेच जाते. हेल्मेट घालाच. कायद्यानं मागितलं नाही म्हणून डोकं कमी नाजूक होत नाही.

प्रश्न: ठाण्याहून ऐरोलीला बाइकनं जातो. मित्र ट्रेननं ये म्हणतात.

मित्रांचं ऐका. कळवा नाका आणि विटावा या दोन ठिकाणी तुमची रोज किती मिनिटं जातात ते मोजा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी भरलं तर विचारूच नका. ट्रान्सहार्बर लाइनच्या लोकलनं ठाणे ते ऐरोली साधारण दहा मिनिटांचा प्रवास आहे. वाशी, नेरूळ, पनवेल, कुठलीही गाडी चालेल, सगळ्या ऐरोलीवरूनच जातात. फक्त या लाइनवर मेन लाइनइतक्या पाठोपाठ गाड्या नाहीत, तेव्हा वेळापत्रक जवळ ठेवा. आणि पश्चिमेकडून येत असाल तर नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मपर्यंत पूल चालायला पाच-सात मिनिटं जास्तीची धरा. ऑफिस दिघ्याच्या बाजूला असेल तर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं दिघा गाव स्टेशन ऐरोलीपेक्षा जवळ पडतं का, तेही बघून घ्या.

प्रश्न: खारघरला सेंट्रल पार्क मेट्रो स्टेशनजवळ राहते. सीएसएमटीची लोकल धरायला खारघर स्टेशनला रिक्षा करू की मेट्रोनं बेलापूरला जाऊ?

मेट्रोनं बेलापूर. नोव्हेंबर २०२३ पासून सुरू असलेली ही मेट्रो बेलापूर ते पेंधर अशी धावते, खारघर रेल्वे स्टेशनला जात नाही. तुम्ही मुंबईकडे जाता, तेव्हा बेलापूर तुमच्या वाटेवरच एक स्टेशन पुढे आहे. पनवेलला नोकरी असती तर खारघरला जा म्हटलं असतं.

प्रश्न: आम्ही दोघं सत्तरीचे. पाचपाखाडीहून गडकरी रंगायतनला नाटकाला जातो. परतताना रिक्षावाले जवळचं भाडं म्हणून नाही म्हणतात.

जाताना लवकर निघून बसनं किंवा रिक्षानं जा, ती अडचण नाही. परतताना नाटक सुटल्याबरोबर दारातल्या गर्दीत रिक्षा शोधू नका. दहा मिनिटं आत बसून राहा, गर्दी पांगली की तलावपाळीवरून स्टेशनच्या रांगेकडे न जाता उलट दिशेनं, घराकडे जाणाऱ्या रस्त्याला उभं राहा. त्या बाजूला रिकामी चाललेली रिक्षा सहसा थांबते. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत मीटरच्या सव्वापट भाडं कायदेशीर आहे. बाराच्या आत कुणी ते मागितलं तर देऊ नका. आणि परवाना असलेल्या रिक्षावाल्यानं भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. वाद घालत बसू नका, नंबर, जागा आणि वेळ तेवढी टिपून घ्या आणि दुसऱ्या दिवशी आरटीओकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे तक्रार द्या.