गर्भातल्या बाळाच्या मेंदूला सेरोटोनिन कशासाठी लागतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पोटातल्या बाळाला या ‘मूडच्या रसायना’चं काय काम, गरोदरपणी केळी-दूध वाढवून ते वाढवता येतं का, आणि आईची एस्सिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) चालू असेल तर बाळाच्या मेंदूचं काय. पहिल्या प्रश्नावर जरा रेंगाळतो, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी मूड विसरा. माणसाच्या गर्भात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी पाचव्या आठवड्याच्या सुमारास मेंदूच्या देठात, रॅफे नावाच्या भागात दिसू लागतात. तेव्हा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, म्हणावं असं काही धड तयारही नसतं. म्हणजे एका पेशीने दुसरीला निरोप देण्याची सोय होण्याआधीच हे रसायन हजर असतं. पेशींनी विभाजन थांबवून चेतापेशी कधी व्हायचं, किती सरकायचं, त्यांच्या तंतूंनी कुठे वळायचं, यांवर ते परिणाम करतं. 1978 साली संशोधक जीन लॉडर यांनी गाभण उंदरांना पीसीपीए हे सेरोटोनिनची निर्मिती रोखणारं औषध दिलं, तेव्हा पिल्लांच्या मेंदूतल्या काही पेशींना चेतापेशी व्हायला उशीर झाला. पुढे 2007 मध्ये असंही दिसलं की थॅलॅमसचे (संवेदना कॉर्टेक्सकडे पाठवणाऱ्या भागाचे) जे तंतू नेट्रिन-1 या प्रथिनाकडे ओढले जातात, त्यांच्यावरचे 5-एचटी1बी आणि 1डी हे सेरोटोनिन ओळखणारे रिसेप्टर चेतवले तर तेच तंतू त्याच्यापासून दूर वळतात.

रॅफेचे तंतू पुढच्या मेंदूपर्यंत पोचेपर्यंत तिथलं सेरोटोनिन येतं कुठून? 2011 मध्ये अलेक्झांडर बोनां आणि पॅट लेव्हिट यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की ते वारेतून येतं. वार शरीराबाहेर जिवंत ठेवून आईच्या बाजूने ट्रिप्टोफॅन (ज्यापासून सेरोटोनिन बनतं ते अमिनो आम्ल) सोडलं, तर गर्भाच्या बाजूने सेरोटोनिन बाहेर पडलं. यावर वाद आहे. वार स्वतः फारसं बनवत नाही, आईच्या रक्तातलंच उचलून पुढे देते, असंही काही संशोधकांचं म्हणणं आहे. आपल्यापुरतं महत्त्वाचं इतकंच, की सुरुवातीचा पुरवठा बाळाच्या मेंदूबाहेरचा असतो.

आता सगळ्यात बोलकं उदाहरण. उंदराच्या मिशांच्या प्रत्येक केसासाठी कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात पेशींचा एक वेगळा पुंजका असतो, त्याला बॅरल म्हणतात. मिशांच्या पाच रांगा, तशाच बॅरलच्या पाच रांगा. 1990च्या दशकात टीजी8 नावाच्या उंदरांत हा नकाशाच गायब असल्याचं आढळलं. हे मुद्दाम केलेलं नव्हतं. इंटरफेरॉनचं एक जनुक घालताना ते चुकून एमएओ-ए या एन्झाइमच्या जनुकात जाऊन बसलं होतं. एमएओ-ए सेरोटोनिन मोडतं. ते बंद पडल्यामुळे पिल्लांच्या मेंदूत सेरोटोनिन नेहमीच्या नऊपटीपर्यंत चढलं होतं. जन्मानंतरच्या पहिल्या चार दिवसांत पीसीपीए देऊन ही निर्मिती दाबली, तर बॅरल नीट उमटले.

हे असं का होतं, याचंही उत्तर मिळालं आहे. त्या दिवसांत थॅलॅमसच्या पेशी स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत, पण ते आत ओढणारा ट्रान्सपोर्टर मात्र काही काळ अंगावर बाळगतात. त्यांच्या टोकांवर 5-एचटी1बी रिसेप्टर असतो. तो चेतला की ग्लुटामेट, म्हणजे पुढच्या पेशीला चेतवणारं रसायन, कमी सुटतं. सेरोटोनिन भरमसाट झालं की हा ब्रेक दाबलेलाच राहतो, शेजारशेजारच्या मिशांचे तंतू वेगळे होत नाहीत आणि सगळे एकमेकांत पसरतात. एमएओ-एसोबत 1बी रिसेप्टरही काढून टाकलेल्या उंदरांत सेरोटोनिन चढलेलं असूनही बॅरल परत दिसतात. उलट सेरोटोनिन फार कमी केलं तर बॅरल होतात, पण लहान किंवा उशिरा.

माणसातही एमएओ-ए जन्मतः बंद असलेलं एक डच कुटुंब 1993 मध्ये नोंदवलं गेलं. त्यातल्या पुरुषांत सौम्य बौद्धिक अक्षमता आणि अचानक उसळणारा आक्रमकपणा होता. (एवढ्यावरून एमएओ-एला ‘गुन्हेगारीचं जनुक’ ठरवणं हा निव्वळ सनसनाटीपणा.)

मग सेरोटोनिन नसेल तर मेंदू घडतच नाही का? घडतो. मेंदूत सेरोटोनिन बनवायला लागणारं टीपीएच2 जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन जवळपास नसतं, तरी ते जिवंत जन्मतात आणि मेंदूची ढोबळ रचना शाबूत असते. मात्र वाढ खुंटते, पहिल्या चार आठवड्यांत निम्मे मरतात, उरलेले आक्रमक होतात आणि माद्या पिल्लांकडे दुर्लक्ष करतात. तंबोरा दुसरंच कुणीतरी बांधतं, सेरोटोनिन त्याची जवारी लावतं. जास्त झालं तरी बिघडतं आणि कमी झालं तरी, म्हणून ‘वाढवायचं कसं’ हा प्रश्नच मला पटत नाही.

त्यामुळे खाण्याबद्दल थोडक्यात. केळ्यात सेरोटोनिन खरंच असतं (म्हणून 5-एचआयएए, म्हणजे सेरोटोनिन मोडून उरणारा पदार्थ, लघवीत तपासण्याआधी केळी बंद करायला सांगतात), पण ते आतडं आणि यकृतातच मोडतं. मेंदूत ट्रिप्टोफॅन जातं, आणि तेही ल्युसीन, टायरोसीन वगैरे इतर अमिनो आम्लांशी एकाच वाहकासाठी स्पर्धा करत. मोठ्या माणसाची ट्रिप्टोफॅनची रोजची गरज वजनाच्या किलोमागे सुमारे 4 मिलीग्रॅम, गरोदरपणी थोडी जास्त. 200 मिली दुधात साधारण 80 मिलीग्रॅम मिळतं. डाळ, दूध, अंडी नेमाने पोटात जात असतील तर वेगळं काही नको. ट्रिप्टोफॅनचं सेरोटोनिन होताना लोह आणि बी6 लागतं, पण त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पुरेत. ऑनलाइन मिळणाऱ्या 5-एचटीपीच्या (ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधल्या टप्प्याच्या) कॅप्सूल घेऊ नका. एस्सिटालोप्रामसोबत त्यांनी सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: थरथर, ताप, स्नायू ताठरणं, घाबरंघुबरं होणं.

आता गोळी. ती वार ओलांडते. उंदराच्या पिल्लांना जन्मानंतर चौथ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुओक्सेटिन हे त्याच गटातलं औषध दिलं तर मोठेपणी ती भित्री निघाली, हे 2004 मध्ये दिसलं. तो काळ माणसात ढोबळमानाने शेवटची तिमाही आणि तान्हेपण यांच्याशी जुळतो. पण त्या पिल्लांच्या आयांना नैराश्य नव्हतं. माणसांत ऑटिझमशी दिसणारा संबंध आईचा आजार हिशेबात घेतला आणि भावंडांची तुलना केली की बराच क्षीण होतो. उपचार न झालेल्या नैराश्याचेही धोके असतात: वेळेआधी प्रसूती, कमी वजन.

म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, मनोविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांना विचारून मात्रा ठरवा. बाळंतपणाआधी बालरोगतज्ज्ञांनाही सांगून ठेवा. शेवटच्या तिमाहीत एसएसआरआय (एस्सिटालोप्रामच्या गटातली औषधं) घेतलेल्या आयांच्या साधारण 30 टक्के बाळांमध्ये थरथर, किरकिर, दूध ओढायला त्रास किंवा जलद श्वास दिसतो. तो बहुधा पहिल्या 48 तासांत सुरू होतो आणि काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ओसरतो. पहिले 48 तास तरी बाळ दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायला सांगा. फुप्फुसातला रक्तदाब चढलेला राहणं हा धोका हजारी 2 वरून 3 च्या आसपास जातो. ओठ निळसर दिसले किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या तर एक मिनिटही थांबू नका. अंगावर पाजणं मात्र सहसा थांबवावं लागत नाही, एस्सिटालोप्राम दुधात कमी उतरते.